टीव्हीवरची दोन दिवसांची बाग काळ्या मातीत कितीला पडते?

लोकमान्य नगरातल्या एका काकूंनी मला जानेवारीत फोनवर एक व्हिडिओ दाखवला. मुलगा इंग्लंडात असतो, त्यानं पाठवलेला. घरामागचं ओसाड अंगण, उखडलेल्या फरश्या, कोपऱ्यात माजलेलं तण. पाऊण तासानं त्याच जागी लाकडी ओटा, गालिच्यासारखं लॉन, दगडातून झुळझुळणारं पाणी, आणि घरची बाई तोंडावर हात ठेवून रडतेय. काकूंचं मागचं अंगण वीस बाय वीसचं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, आपल्याकडे हे कितीला पडेल?"

इंदुरात लोकांच्या घराभोवतीच्या छोट्या बागा आखून द्यायचं काम मी करते. हा प्रश्न मला सारखा येतो आणि तो मला कधीच टाळावासा वाटत नाही, कारण विचारणाऱ्याला मनापासून बाग हवी असते. पण उत्तर एका आकड्यात देता येत नाही. पडद्यावर शेवटी जो आकडा येतो तो बागेच्या दिसणाऱ्या भागाचा असतो. जमिनीखाली काय केलं, किती हात लागले, आणि पुढच्या वैशाखात तिला पाणी कोण देणार, हे त्यात सापडत नाही. हा लेख त्या न दिसणाऱ्या हिशेबाचा आहे.

हे कार्यक्रम चालतात कसे

ब्रिटनमध्ये टीव्हीवरचं बागकाम जुनं आहे. बीबीसीचा 'गार्डनर्स वर्ल्ड' १९६८ पासून चालू आहे. त्यात बाग ऋतूंच्या चालीनं पुढे सरकते. हिवाळ्याच्या शेवटी छाटलेलं झुडूप उन्हाळ्यात फुललेलं दिसतं, आणि मधल्या काळात काय केलं तेही कळतं. १९९७ साली बीबीसीवरच 'ग्राउंड फोर्स' आला आणि वेगळी तऱ्हा रुजली. घरातल्या एका माणसाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायचं, आणि दोन दिवसांत ॲलन टिचमार्श, चार्ली डिमॉक आणि टॉमी वॉल्श यांनी अंगणाचं रूप पालटून टाकायचं. डिमॉकबाईंचं पाण्याचं काम आणि वॉल्श यांचं लाकूडकाम लोकांनी डोक्यावर घेतलं. ब्रिटनमध्ये घरोघरी लाकडी डेक आले त्याचं श्रेय, आणि पुढे दोषही, लोक याच कार्यक्रमाला देतात. तो २००५ पर्यंत चालला. २०१६ पासूनच्या 'गार्डन रेस्क्यू'मध्ये घरवाले आपलं बजेट सांगतात, त्यांच्यापुढे दोन आराखडे येतात आणि त्यातला एक ते निवडतात. काकूंच्या मुलानं पाठवलं होतं ते याच जातीतलं काहीतरी.

या सगळ्यांना 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन चित्रं लागतात, आणि दोन्ही चित्रं एकाच तासात बसवायची असतात. बागेच्या बाबतीत हे फार अवघड आहे. भिंतीला रंग दिला की ती त्याच दिवशी पूर्ण होते. बाग लावली त्या दिवशी ती सुरू होते. मग 'नंतर'चं चित्र भरगच्च दिसावं म्हणून वाढलेली झाडं आणून बसवतात, रोपं एकमेकांना खेटून लावतात, आणि जिथे झाडानं जागा भरायला दोन वर्षं लागली असती तिथे फरशी, लाकूड, खडी घालतात. ही फसवणूक आहे असं मला वाटत नाही. त्या माध्यमाची ती गरज आहे. पण बघणाऱ्यानं ती गरज ओळखली नाही तर तो स्वतःच्या अंगणात तीच उचलून आणतो.

हळदीकुंकवातली चर्चा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रामबागेत एका घरी आम्ही सात-आठ जणी होतो. काकूंनी तिथेही तो व्हिडिओ काढला आणि वाण लुटायचं राहिलं बाजूला, तासभर त्याच्यावरच बोलणं झालं. तिथे निघालेली मतं मला इतकी नेमकी वाटली की मी घरी येऊन लिहून ठेवली.

एक जण म्हणाली, खर्च पटत नाही. एवढ्यात आमच्या घरची नुसती फरशी झाली नाही. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंना सगळ्या बागा सारख्याच वाटत होत्या: पूर्वी सगळीकडे लाकडी डेक, आता सगळीकडे करड्या फरश्या, पेर्गोला (वेल चढवायची उघडी चौकट) आणि दोन-तीन शोभेचे गवताचे झुबके. एका सुनेनं मात्र ठामपणे बाजू घेतली. असेच कार्यक्रम बघून तिनं गच्चीत पहिली कुंडी ठेवली होती, आज चाळीस आहेत. "मला त्यांनी धीर दिला," ती म्हणाली. आणि घरच्या आजी, ज्या इतका वेळ गप्प होत्या, त्यांनी विचारलं, "त्या बाईला कोणी विचारलं का गं, कपडे कुठे वाळत घालणार? वाळवण कुठे घालणार?"

यातली दोन मतं मला पूर्ण पटतात, एक अर्धं. सुनेचं मत वादाच्या पलीकडचं आहे. चाळीस कुंड्या हा पुरावाच आहे. पण आजींचा प्रश्न सगळ्यात खोल आहे. आपल्या अंगणाला चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे सांभाळायचे असतात. त्याला उन्हात तापणारी, स्वच्छ झाडता येणारी सपाट जागा लागते. शिवाय हौदाचं झाकण, चेंबर, स्कूटर वळवायची जागा, तुळशीवृंदावनाभोवती प्रदक्षिणेपुरती वाट. आराखडा कागदावर काढण्याआधी हे सगळं बघावं लागतं.

इथे इंदूरच्याच इतिहासातली एक गोष्ट सांगायलाच हवी. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदुरात आले होते आणि १९१८ साली त्यांनी शहराबद्दलचा मोठा अहवाल दिला. त्यांचं सूत्र होतं: आधी पाहणी, मग आराखडा. जुन्या वस्त्या सरसकट पाडून नव्या बांधण्याऐवजी गल्लीगल्लीतून हिंडावं, लोक जागा कशी वापरतात ते बघावं आणि जेवढं अडतंय तेवढंच बदलावं, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या अंगणालाही हे तंतोतंत लागू पडतं. मी कुठल्याही घरी पहिल्या भेटीत वही उघडत नाही. सकाळी नऊला एकदा आणि दुपारी चारला एकदा नुसती उभी राहते. घरातलं कोण कुठून चालतं, ऊन कुठे येतं, पाणी कुठे साचतं, एवढंच बघते.

आकड्यातून गळलेले हात

आता खर्चाकडे. प्रेक्षकांचा सर्वांत नेहमीचा आणि योग्य प्रश्न असतो: यात मजुरी धरली का? आराखडा काढणाऱ्याचे पैसे धरले का? कॅमेऱ्यासमोर तीन-चार चेहरे दिसतात, मागे आणखी कितीतरी हात राबत असतात. सामान ठोक भावात येतं. खोदाईचं छोटं यंत्र थेट मागच्या अंगणात पोचतं. आपल्याकडच्या रो-हाउसला मागे जायला तीन फुटांची गल्ली असते. तिथून यंत्र जात नाही, माणूस जातो.

रुपयांचे भाव दर मोसमाला बदलतात, म्हणून मी इथे मापं लिहिते. मापं बदलत नाहीत, आणि तुमच्या भागातला भाव लावून हिशेब तुम्हालाच करता येतो.

काकूंचं अंगण ४०० चौरस फूट. तिथे सगळीकडे लॉन करायचं तर वरची किमान सहा इंच माती चांगली हवी. म्हणजे २०० घनफूट माती. तिचं वजन सात टनांच्या पुढे जातं. ट्रॉली येऊन ती गल्लीच्या तोंडाशी ओतणार, तिथून पुढे तगारी. तगारी म्हणजे पुण्याकडे ज्याला घमेलं म्हणतात ते. एका तगारीत पंधरा ते वीस किलो माती राहते. म्हणजे चारशेच्या वर खेपा, एवढीच माती आत न्यायला. आणि तेवढ्याच जवळपास खेपा आतली खराब माती आणि जुना मलबा बाहेर काढायला. हे टीव्हीवर तीस सेकंदांत, संगीताच्या तालावर संपतं. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक घराचं अंदाजपत्रक याच ठिकाणी कोलमडलं आहे, रोपांच्या किमतीमुळे क्वचितच.

तेव्हा कोणाकडूनही दर घेताना एक करा: रोपं, सामान, मजुरी, माती-मलब्याची ने-आण आणि पहिल्या वर्षाची देखभाल यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. 'सगळं मिळून' असा एकच आकडा मिळाला तर त्यात काय नाही ते कधीच कळत नाही.

काळी माती

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण माळव्यात बागेचं सगळं गणित इथे ठरतं.

आपण माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो. खाली काळा बेसॉल्ट खडक, आणि त्याच्या झिजेतून तयार झालेली काळी माती. शेतकऱ्याला ती सोनं वाटते, कारण पाणी धरून ठेवते. घराच्या अंगणात मात्र तिचा स्वभाव सांभाळावा लागतो. या मातीतल्या चिकणमातीचे कण एकावर एक ठेवलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांसारखे असतात. पाऊस पडला की पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि माती आक्रसते, मग तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दर वर्षी हे चालतं. जणू जमीन श्वास घेते.

आता या जमिनीवर टीव्हीत दाखवतात तशी थोडी वाळू पसरून वर पेव्हर ब्लॉक किंवा फरशी टाकली तर काय होईल? पहिल्या पावसाळ्यात ती उचलली जाईल, पुढच्या उन्हाळ्यात बसेल, पण सगळीकडे सारखी बसणार नाही. एक कोपरा खाली, एक वर. दोन वर्षांत तिथे पाणी साचायला लागतं. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका घरी घाई केली होती. पावसाळा तोंडावर आला होता, घरच्यांना वास्तुशांतीच्या आधी अंगण हवं होतं. दुसऱ्या श्रावणात त्या घरातल्या आजोबांचा पाय उचललेल्या फरशीला अडखळला. ते सावरले, पण ती फरशी मी माझ्या खर्चानं काढून पुन्हा बसवली. तेव्हापासून घाईच्या कामाला मी नाही म्हणते.

बरोबर पद्धत अशी: काळी माती किमान एक फूट, शक्य असेल तर दीड फूट काढायची. तिथे मुरूम भरायचा, थर थर करून, पाणी मारून, प्रत्येक थरावर धुम्मस चालवून. त्याच्यावर वाळू, मग फरशी. कडेला पक्की बंदिस्ती, म्हणजे ब्लॉक बाहेर सरकत नाहीत. आणि उतार घराच्या भिंतीपासून दूर, दर सहा फुटांना साधारण एक इंच. यातलं काहीही काम झाल्यावर दिसत नाही. 'नंतर'च्या फोटोत फक्त फरशी दिसते.

आणखी एक गोष्ट, जी इंग्लंडचा कार्यक्रम आपल्याला सांगणार नाही. काळ्या मातीत घराच्या भिंतीला लागून लॉन किंवा रोज पाणी लागणारा वाफा करू नका. भिंतीच्या एका बाजूची माती सतत ओली, फुगलेली, आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली की पायावर विषम ताण येतो आणि भिंतीला तडे जाऊ शकतात. तीन-चार फूट सोडा.

पाणी मुरतं की नाही हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करा. पाण्यानं भरा, पूर्ण मुरू द्या. पुन्हा भरा, काठी उभी करून तासाभरात पातळी किती उतरली ते बघा. एक ते तीन इंच उतरली तर बहुतेक झाडं सुखानं राहतील. एक इंचाहून कमी उतरली तर मुळं पावसाळ्यात गुदमरतील. तिथे उंच वाफे करा किंवा जास्त पाणी सोसणारी झाडं निवडा. काकूंच्या अंगणात आम्ही हा खड्डा केला तेव्हा संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळीही तसंच होतं. माझ्याबरोबर काम करणारे माळीबाबा मूळ धारकडचे. त्यांनी खड्ड्यात बघितलं आणि म्हणाले, "पहले मिट्टी, फिर पौधा." त्यांचा सगळा अनुभव त्या चार शब्दांत आला.

लंडनपेक्षा जास्त पाऊस, तरी हिरवळ टिकत नाही

शिक्षिकाबाईंचं मत होतं की सगळ्या बागा सारख्या दिसतात. हे मला अर्धं पटतं असं मी म्हटलं, त्याचं कारण हे. त्या बागा एकमेकींसारख्या आहेत कारण त्या एका हवामानाच्या आहेत. प्रश्न त्या आपल्याकडे तशाच आणल्या की सुरू होतो.

बहुतेकांना वाटतं इंग्लंडात आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त पाऊस पडतो. लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पडतो. इंदूरला त्याहून बराच जास्त, ९०० मिलिमीटरच्या वर. फरक वाटणीचा आहे. लंडनला तो बाराही महिने थोडा थोडा पडतो. आपल्याकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये होऊन जातो आणि उरलेले आठ महिने झाड आपल्या हाताकडे बघत असतं.

लॉनचं सांगते. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. आपल्या उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी द्यावं लागतं, मे महिन्यात त्याहून जास्त. काकूंचं ४०० चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. रोज जवळपास २०० लिटर. शहरात एका माणसाला दिवसाला लागणाऱ्या पाण्याचं सरकारी मानक १३५ लिटर आहे. म्हणजे ते लॉन घरातल्या एका माणसापेक्षा जास्त पाणी पितं. आणि आपलं पाणी येतं कुठून? मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, नर्मदेतून, सुमारे ७० किलोमीटरवरून, चारशे मीटरहून जास्त चढवून. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी शहरात आलं त्याआधी पाण्यासाठी काय हाल होते, ते आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. ते पाणी मे महिन्यात गवताला घालताना माझा हात अडखळतो.

मग लोक म्हणतात, प्लास्टिकचं गवत टाकू. कृपया टाकू नका. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापतो, अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि खालची माती मरते. ब्रिटनच्याच रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२२ मध्ये आपल्या प्रदर्शनांतून, चेल्सीच्या सुप्रसिद्ध प्रदर्शनासकट, कृत्रिम गवताला बंदी घातली. सगळीकडे फरशी टाकण्याबद्दलही तिथे विचार झाला आहे. पावसाचं पाणी मुरायला जागा राहिली नाही की रस्ते तुंबतात, म्हणून इंग्लंडात २००८ पासून घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची असेल आणि पाणी रस्त्याकडे जाणार असेल तर परवानगी घ्यावी लागते. 'फरशी जास्त, झाडं कमी' ही तिथल्या प्रेक्षकांची तक्रार म्हणून मला रास्त वाटते.

उन्हाचंही तसंच. लंडनला डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून पंधरा अंशांवर असतो, म्हणून तिथे दक्षिणेचं अंगण भाग्याचं, आणि बसायची जागा उन्हात. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे. जूनमध्ये सूर्य अगदी डोक्यावर येतो. आपला वैरी पश्चिमेचा, दुपारी तीन ते सहाचा. तिथे सावली हवी. मधुमालतीचा मांडव, कढीपत्ता, पारिजातक, जरा जागा असेल तर चाफा. टीव्हीवरचा पेर्गोला वेल चढेपर्यंत नुसती चौकट असतो, आणि वेल चढायला दोन पावसाळे जातात. लाकूड वापरायचं असेल तर आपल्या उन्हात ते चिरतं आणि वाळवी लागते हे धरूनच चाला. मी लोखंडी पाइप आणि त्याच्यावर दोरी सुचवते.

कारंजाबद्दल थोडक्यात: सतत वाहतं पाणी ठीक. मोटर बंद पडून साचलं की आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. आठवड्यातून एकदा कोरडं करणं जमत नसेल तर पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवा, त्याचंही पाणी रोज बदला.

मोठ्या झाडांचंही एक सांगायचं राहिलं. क्रेननं आणलेलं उंच झाड पडद्यावर छान दिसतं, पण ते उपटताना त्याची बरीचशी मुळं जुन्या जागी राहतात. पुढचे दोन-तीन उन्हाळे ते मुळं वाढवण्यातच घालवतं. त्याच्या शेजारी लावलेलं कमरेएवढं, निरोगी मुळांचं रोप काही वर्षांत त्याला गाठतं. रोपवाटिकेत उंची बघू नका. पिशवीच्या तळाशी मुळं गोल गोल गुंडाळली आहेत का ते बघा.

नव्वद दिवस

दोन दिवसांत बाग करणाऱ्या कार्यक्रमाचा देश आणि आपलं इंदूर यांच्यात एक जुना धागा आहे, आणि तो मातीचाच आहे. १९२४ साली सर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञांनी इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचं काम हाती घेतलं. आजचं आपलं कृषी महाविद्यालय त्याच आवारात आहे. हॉवर्ड यांनी इथल्या शेतकऱ्यांकडून शिकायचं ठरवलं. पालापाचोळा, पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांच्यापासून ठरावीक काळात उत्तम खत करायची रीत त्यांनी बसवली. यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९३१ मध्ये ती पुस्तकरूपानं मांडली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. ज्या शहराचं नाव जगातल्या सेंद्रिय शेतीच्या इतिहासात खताच्या रीतीला मिळालं, त्या शहरात आपण बागेसाठी प्लास्टिकच्या पोत्यांतून खत विकत आणतो, याचं मला वाईट वाटतं.

रीत घरीही जमते. तीन भाग सुका पालापाचोळा, एक भाग शेण, असे थर. प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडायचा, मूठभर माती आणि राख टाकायची. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा. पहिल्यांदा साधारण पंधरा दिवसांनी उलटायचं, दुसऱ्यांदा महिन्यानं, तिसऱ्यांदा दोन महिन्यांनी. उलटल्यानं आत हवा जाते, आणि हवेवर जगणारे जिवाणू ढिगाला चांगलं तापवतात. तीन महिन्यांत गडद, मोकळं, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाचं खत होतं. काळ्या चिकण मातीत हेच मिसळलं की ती भुसभुशीत होते, पाणी मुरायला लागतं. वाळू मिसळून तसं होत नाही, उलट कधीकधी माती आणखी घट्ट बसते.

आणि काळही आपल्या बाजूनं आहे. इंदुरात पानगळ फाल्गुनाच्या सुमाराला जोरात असते. तेव्हा खड्डा भरला तर खत पहिल्या पावसाच्या तोंडावर तयार, म्हणजे नेमकं लावणीला.

काकूंना मी शेवटी जे सुचवलं ते असं. वीस बाय वीसपैकी लॉन फक्त दहा बाय आठ, चाफ्याच्या सावलीत, भिंतीपासून चार फूट दूर. पूर्वेला, सकाळपासून ऊन येतं तिथे, मुरमावर बसवलेली कोटा फरशी, वाळवणासाठी मोकळी. पश्चिमेला मधुमालतीचा मांडव. कडेनं मोगरा, जास्वंद, तगर, कण्हेर, लिंबू. रोपांमध्ये पुरेसं अंतर, आणि पहिली दोन वर्षं त्या मोकळ्या जागेत मेथी-कोथिंबीर. छताचं पाणी पाइपनं मागे वळवून शोषखड्ड्यात. ८०० चौरस फुटांच्या छतावर वर्षाला साठ हजार लिटरच्या वर पाणी पडतं, ते आजवर नालीत जात होतं. खर्च तीन वर्षांत विभागला. पहिलं वर्ष खोदाई, मुरूम, खत आणि मोठी झाडं. दुसरं वर्ष फरशी आणि मांडव. लॉन सर्वांत शेवटी, तेव्हाही हवं असेल तर.

काकू जरा हिरमुसल्या. मुलगा दिवाळीला येणार होता, त्याला बाग दाखवायची होती. मी त्यांना मनवायचा प्रयत्न केला नाही, विचार करा म्हटलं. होळीनंतर आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. शेजारच्या तीन घरांतला पाला गोळा झाला होता, शेण कुठून आणायचं ते विचारत होत्या. खड्डा भरला त्या दिवशी त्यांनी मुलाला फोटो पाठवला: पाल्याचा ढीग, शेजारी फावडं, आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. त्याच्यावर तीन तारखांना लाल पेनानं गोल केला होता.